पारा चढतो तो दिसतो, भिनतो तो दिसत नाही

धार आणि देवास ही माळव्यातली दोन गावे आपल्या सीमाभागाला परकी नाहीत. दोन्हीकडे पवारांची मराठी संस्थाने होती. देवास म्हटले की आपल्याला पहिल्यांदा आठवतात ते कुमार गंधर्व. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, घरची भाषा कन्नड, गाण्याची तालीम मुंबईत देवधर मास्तरांकडे आणि १९४८ नंतरचे सारे आयुष्य देवासला. आजही नोकरीधंद्यानिमित्त इंदूर, देवास, पीथमपूरकडे गेलेले कुणी ना कुणी आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात असते. म्हणूनच २०२५ च्या जानेवारीत धार जिल्ह्यातील पीथमपूरचे नाव वर्तमानपत्रांत झळकू लागले, तेव्हा इकडच्या घरांतही फोन वाजू लागले.

कारण होते भोपाळचा कचरा. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला, ती कहाणी सर्वांना माहीत आहे. त्या कारखान्याच्या आवारात रासायनिक कचरा चाळीस वर्षे पडून होता. १९९९ साली ग्रीनपीस संस्थेने तिथल्या मातीची तपासणी केली, तेव्हा इतर विषांबरोबर पाराही मोठ्या प्रमाणात आढळला होता. ३ डिसेंबर २०२४ रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने कचरा हलवण्यासाठी चार आठवड्यांची मुदत दिली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ बंद कंटेनरमधून सुमारे ३३७ टन कचरा भोपाळहून निघाला आणि पीथमपूरच्या भस्मीकरण केंद्रात पोहोचला. गावात बंद पाळला गेला, लोक रस्त्यावर उतरले. आंदोलनात दोघे जण भाजले. पुढे फेब्रुवारीच्या अखेरीपासून चाचण्या झाल्या आणि जूनअखेर तो सगळा कचरा जाळून झाला. चाचण्यांच्या वेळी धुरातील प्रदूषण ठरलेल्या मर्यादेतच होते, असे प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले. पण मागे उरली ती शेकडो टन राख. तिच्यात पारा किती आणि ती पुरायची कुठे, हा वाद पुन्हा उच्च न्यायालयापुढे गेला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कीटकनाशक पुरेशा उष्णतेत जाळले, तर त्याचे रेणू फुटतात आणि त्याचे विषारीपण बहुतेक संपते. पारा हे मूलद्रव्य आहे. ते जळून नाहीसे होत नाही. ३५७ अंश सेल्सिअसला तो उकळतो आणि वाफ होऊन धुराबरोबर निघतो. धूर गाळणाऱ्या कोळशात अडकला तर तिथे राहतो, नाहीतर राखेत सापडतो. जाळल्याने त्याची फक्त जागा बदलते.

पीथमपुरात कुणाला पाऱ्याची बाधा झाली, असे सांगण्याचा इथे हेतू नाही. पण अशा ठिकाणी संसार थाटलेल्या माणसाला पडणारा प्रश्न अगदी साधा असतो. उद्या पाण्यात किंवा हवेत पारा उतरलाच, तर आम्हाला कळणार कसे? आणि कळले, तर त्यावर औषध आहे का? मी काही डॉक्टर नव्हे, इतिहास शिकवणारा माणूस. परंतु या प्रश्नाची उत्तरे बरीचशी इतिहासातच आहेत आणि ती आपल्या घरांनाही उपयोगी पडणारी आहेत.

धारनगरीतील चांदीची लादी

पाऱ्याचे आणि धारचे नाते फार जुने आहे. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात लाकडी पक्ष्याच्या पोटात पाऱ्याचे पात्र ठेवून, त्याला खालून आच देऊन उडणाऱ्या यंत्राचे वर्णन आहे. त्याच काळात, म्हणजे इसवी सन १०३० च्या सुमारास, अल्बेरुनीने भारतावर ग्रंथ लिहिला. त्यात रसायनविद्येबद्दल सांगताना त्याने धारची एक आख्यायिका दिली आहे. धारच्या राजवाड्याच्या दारात चांदीची एक लांबट लादी पडलेली आहे आणि तिच्यावर माणसाच्या अवयवांचा आकार दिसतो, असे तो लिहितो.

गोष्ट अशी. एक किमयागार राजाकडे आला आणि म्हणाला, मी तुला अमर करतो. कढईत तेल उकळून घट्ट झाले, तेव्हा त्याने राजाला उडी मारायला सांगितले. राजा घाबरला. मग किमयागाराने स्वतःच आत उतरायचे ठरवले. राजाच्या हाती औषधांच्या पुड्या दिल्या आणि अमुक लक्षण दिसले की अमुक पुडी टाक, असे बजावले. राजाने एकेक पुडी टाकली. पण शेवटची टाकताना त्याच्या मनात आले, हा अमर होऊन बाहेर आला तर माझ्या राज्याचे काय? पुडी हातातच राहिली, कढई थंड झाली आणि माणसाची चांदी झाली.

रसशास्त्रात 'रस' म्हणजे पारा. मराठीत आपण पारा म्हणतो, कन्नडमध्ये पादरस. तिथेही 'रस' आहेच. चांदीसारखा चमकणारा, पाण्यासारखा पळणारा, सोन्याला गिळणारा हा धातू पाहून माणसाला तो जादूचा वाटला, यात नवल नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आजही पाऱ्याचा मणी तळहातावर खेळवायचा मोह मुलांना होतो. एक लिटर पारा साडेतेरा किलो भरतो, हे सांगितले की ती आणखीच हरखतात. या चमकेमागचे विष मात्र दिसत नाही, आणि त्याला वासही नाही.

तीन रूपे, तीन वाटा

पाऱ्याची विषबाधा हा एकच आजार नाही. पारा कोणत्या रूपात आणि कोणत्या वाटेने शरीरात गेला, यावर सुरुवात कशी होणार हे ठरते.

पहिले रूप म्हणजे थर्मामीटरमधला चकचकीत पारा. हा गिळला तर आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही, शौचावाटे निघून जातो. मात्र त्याची वाफ श्वासातून गेली, तर तिचा सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसातून रक्तात उतरतो आणि तिथून मेंदूपर्यंत जातो. बंद खोलीत पारा तापवला तर काही तासांत खोकला, छातीत दडपण, ताप, धाप असे सुरू होते आणि डॉक्टरांनाही न्यूमोनिया वाटू शकतो. थोडी थोडी वाफ महिनोन् महिने जात राहिली, तर रूप निराळेच असते. तोंडाला धातूची चव येते, लाळ सुटते, हिरड्या सुजतात. हाताला बारीक कंप सुटतो, आणि तो आधी सहीत दिसतो. झोप उडते. हसतखेळत वावरणारा माणूस बुजरा आणि चिडका होतो, चारचौघांत जायला टाळतो, विसरू लागतो. घरची माणसे म्हणतात, वय झाले, नाहीतर ताण आहे.

दुसरे रूप म्हणजे पाऱ्याचे क्षार. रसकापूर हा त्यातलाच. हे पोटात गेले तर घशापासून आतड्यापर्यंत जळजळ, उलट्या, रक्ताचे जुलाब आणि मग मूत्रपिंड बंद पडणे, असा क्रम असतो. कातडीवाटे हळूहळू गेले तर पोटात काहीच होत नाही. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, पाय सुजतात. लहान मुलांत याचे एक वेगळेच चित्र पाश्चात्त्य देशांत दिसले होते. दात येताना हिरड्यांना लावायच्या पावडरीत तिकडे पाऱ्याचा क्षार असे. त्या मुलांचे तळहात-तळपाय गुलाबी होऊन सोलत, मुले सतत किरकिर करत, त्यांचा रक्तदाब वाढे. त्या आजाराला 'गुलाबी रोग' असे नावही पडले होते. विसाव्या शतकाच्या मध्याला त्या पावडरी बंद झाल्या आणि रोगही ओसरला.

तिसरे रूप सर्वांत फसवे. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचे गाळातले जिवाणू मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो लहान माशात, लहानातून मोठ्या माशात साठत जातो आणि शेवटी आपल्या ताटात येतो. याची सुरुवात ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येण्याने होते. आपल्या घरातली कानडी आजी ज्याला 'जोमु' म्हणते तेच. मग चालताना तोल जातो, शब्द अडखळतात, समोरचे दिसते पण बाजूचे दिसत नाही. गर्भवती बाईच्या नाळेतून हा पारा बाळापर्यंत जातो. आई ठणठणीत आणि बाळाचा मेंदू अधू, असेही होते.

उशिरा कळणारे विष

जपानमधील मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावात चिस्सो कंपनीचा कारखाना होता. १९३२ पासून तिथे एका प्रक्रियेत पारा वापरला जाई आणि सांडपाणी खाडीत सोडले जाई. आधी गावातली मांजरे वेड्यासारखी नाचू लागली, धडपडून मरू लागली. ती मासे खात होती. मग माणसांची पाळी आली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी अनोळखी मेंदूविकाराची खबर सरकारी आरोग्य कचेरीला दिली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठातील संशोधकांनी पाऱ्याकडे बोट दाखवले. सरकारने ते अधिकृतपणे मान्य केले १९६८ मध्ये. मधली बारा वर्षे लोक तेच मासे खात राहिले.

इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात याहून वेगाने घडले. दुष्काळानंतर परदेशातून आलेले गव्हाचे बियाणे बुरशी लागू नये म्हणून मिथिल पारा चोळलेले होते. ओळखता यावे म्हणून त्याला गुलाबी रंग दिला होता. पोत्यांवर सूचना होत्या, पण शेतकऱ्यांना न कळणाऱ्या भाषेत. भुकेल्या घरांनी रंग धुऊन काढला. रंग गेला म्हणजे विष गेले, असे त्यांना वाटले. त्याच गव्हाच्या रोट्या झाल्या. लक्षणे दिसायला आठवडे गेले. ६,५३० लोक रुग्णालयात दाखल झाले आणि ४५९ दगावले. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या वाचकांना हे निराळे सांगायला नको, की इशारा वाचणाऱ्याच्या भाषेत नसेल तर तो लिहून उपयोग नाही.

विषाचा उशीर किती असू शकतो, याचे सर्वांत चटका लावणारे उदाहरण अमेरिकेतील प्राध्यापिका कॅरन वेटरहान यांचे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करताना डायमिथिल पाऱ्याचे एक-दोन थेंब त्यांच्या रबरी हातमोज्यावर सांडले. मोज्यातून ते आत गेले. पाच महिने काही झाले नाही. १९९७ च्या जानेवारीत चालताना तोल जाऊ लागला, बोलणे अस्पष्ट झाले. कारण कळल्यावर औषधे सुरू केली, पण तोवर मेंदूची हानी झाली होती. जूनमध्ये त्या गेल्या. धातूंच्या विषारीपणाचा अभ्यास हेच त्यांचे काम होते.

तुमचा धंदा काय?

मग ओळखायचे कसे? कंप, चिडचिड, मुंग्या, सूज यांपैकी एकही लक्षण फक्त पाऱ्याचे नाही. यावर तीनशे वर्षांपूर्वी एका इटालियन वैद्याने दिलेले उत्तर अजून जुने झालेले नाही. बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात सोन्याचा मुलामा देणारे कारागीर आणि आरशांना पारा लावणारे कामगार यांच्या थरथरणाऱ्या हातांचे वर्णन आहे. त्याने वैद्यांना सांगितले, की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचाराल तेव्हा त्यात आणखी एक घाला : तुमचा धंदा काय?

आपल्या भागात हा प्रश्न फार नेमका लागतो. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सोनारगल्लीतली धूळ-माती धुऊन सोन्याचा कण शोधणारे झारेकरी आपल्याला ठाऊक आहेत. सोन्याचा कण पाऱ्यात विरघळतो; मग तो गोळा तापवला की पारा उडून जातो आणि सोने उरते. उडून गेलेला पारा जातो तो कारागिराच्या छातीत, आणि काम राहत्या घरात असेल तर पाळण्यातल्या बाळाच्याही. जगभरात हवेत जाणारा सर्वाधिक पारा लहान सोनेखाणींतल्या याच पद्धतीमुळे जातो.

तमिळनाडूतील कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यात काचेत पारा भरणाऱ्या कामगारांचेही असेच झाले. पारा लागलेल्या काचेचा ढीग भंगाराच्या दुकानात सापडल्यावर २००१ मध्ये तो कारखाना बंद पडला. हिंदुस्तान युनिलिव्हर आणि ५९१ माजी कामगार यांच्यात तडजोड व्हायला २०१६ साल उजाडले. आपल्याजवळचे कारवारही यातून सुटलेले नाही. तिथल्या कॉस्टिक सोडा कारखान्यालगतच्या समुद्रातील पाऱ्यावर मत्स्यशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला होता.

आता मात्र रामाझिनीच्या प्रश्नाला आणखी एक जोड द्यावी लागेल : तुम्ही तोंडाला काय लावता? अकोल्यातल्या एकाच घरातील तीन जणींना, आई आणि दोन मुलींना, मूत्रपिंडाचा विकार झाला. तिघींना एकाच वेळी हा आजार कसा, हे कोडे सोडवताना मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी त्या वापरत असलेले गोरेपणाचे क्रीम तपासले. त्यात पारा निघाला. ही बातमी २०२३ च्या सुरुवातीस वर्तमानपत्रांत आली होती. केरळमध्ये कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यांपैकी १५ जणांत एक ठराविक खूण आढळली आणि त्या १५ मधले १३ जण गोरेपणाची क्रीमे वापरत होते.

पाऱ्याचे क्षार त्वचेचा रंग बनवणारी क्रिया रोखतात, म्हणून आठवड्याभरात चेहरा उजळ दिसतो. म्हणजे जे क्रीम लवकर 'गुण' देते तेच अधिक संशयास्पद. आपल्या कायद्यानुसार सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पाराही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांना ७० भागांची मर्यादा आहे. पण बिनलेबलच्या डबीला कायदा कुठून वाचता येणार? लग्न ठरलेल्या मुलीच्या हातात अशी डबी ठेवणारी बहुधा घरातलीच कुणी मावशी किंवा काकू असते, आणि तिच्या मनात मायाच असते.

तपासणी आणि उपचार

कुमारजींना क्षय झाला तेव्हा निदान भयंकर होते. पण त्याच काळात स्ट्रेप्टोमायसिन आले, आणि क्षयाचा जंतू मारता येऊ लागला. पाऱ्याचे तसे नाही. त्याला मारता येत नाही, फक्त बाहेर काढता येते. त्यामुळे उपचाराची पहिली आणि सर्वांत मोठी पायरी गोळी-इंजेक्शनाची नसतेच. पारा जिथून येतो ती वाट बंद करणे, हीच ती पायरी. क्रीम थांबवले, कामाची जागा बदलली, घरातला सांडलेला पारा काढला, तर शरीर स्वतःच तो हळूहळू टाकू लागते. साधारण दोन महिन्यांत अंगातला निम्मा पारा कमी होतो. मूत्रपिंडाच्या अनेक रुग्णांत नुसते क्रीम थांबवल्यावर काही महिन्यांत लघवीतून जाणारी प्रथिने आटोक्यात आली आहेत.

तपासणीही पाऱ्याच्या रूपानुसार करावी लागते. वाफ किंवा क्षार असेल तर २४ तासांची साठवलेली लघवी, माशांतला पारा असेल तर रक्त किंवा केस. रक्ततपासणीआधी काही दिवस मासे टाळायला सांगतात, नाहीतर आकडा फसवतो. काही ठिकाणी आधी पारा खेचणारे औषध देऊन मग लघवी तपासतात. अशा तपासणीत निरोगी माणसाचाही आकडा वाढलेला दिसतो, म्हणून विषतज्ज्ञ ती मान्य करत नाहीत.

गरज पडल्यास पारा पकडणारी औषधे देतात. या उपचाराला कीलेशन म्हणतात. खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. नांगीने धरावे तसे औषध पाऱ्याला धरते आणि लघवीवाटे बाहेर नेते. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये विषारी वायूवर उतारा म्हणून शोधलेले डायमरकॅप्रॉल हे यातले जुने इंजेक्शन. क्षार पोटात गेल्यावर त्याचा उपयोग होतो. मिथिल पाऱ्यात मात्र ते देत नाहीत, कारण त्याने पारा मेंदूकडे सरकण्याची भीती असते. सक्सिमर आणि डीएमपीएस ही नंतरची औषधे. आपल्याकडे डी-पेनिसिलामिनही वापरले गेले आहे. ही सगळी औषधे शरीरातले उपयोगी धातूही ओढून नेतात, म्हणून 'अंग शुद्ध करायचे' म्हणून ती हौसेने घ्यायची नसतात. मूत्रपिंड थकले असेल तर डायलिसिस लागते.

आणि एक कटू सत्य. औषधाने रक्तातला आकडा उतरतो, पण मेंदूत झालेली हानी बहुधा भरून येत नाही. म्हणून या आजारात लवकर ओळखणे हाच निम्मा उपचार आहे.

घरच्यांनी एवढे सांभाळावे

थर्मामीटर फुटला तर आधी मुलांना खोलीबाहेर काढा, पंखा बंद करा आणि बाहेरची खिडकी उघडा. हातातल्या अंगठ्या-बांगड्या उतरवा, कारण पारा सोन्याला चिकटतो. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याने मणी फुटून जास्त वाफ होते. कडक कागदाने मणी एकत्र करा, उरलेले चिकटपट्टीने टिपा, झाकणाच्या बाटलीत भरा. मोरीत ओतू नका, चुलीत टाकू नका. बाटली जवळच्या रुग्णालयाकडे किंवा नगरपालिकेकडे द्या. थर्मामीटरमध्ये जेमतेम एक ग्रॅम पारा असतो. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्रात मात्र शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणून ते फुटले तर स्वतः उठाठेव करू नका. मुलाने तोंडात थर्मामीटर फोडला, तर पाऱ्यापेक्षा काचेची काळजी करा आणि डॉक्टरांकडे जा; उलटी करवू नका.

क्रीम घेताना उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये पाहा. घटकांत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी काही दिसले तर ते परत करा. काहीच छापलेले नसेल तर घेऊच नका.

भस्मे आणि रसौषधी यांबद्दल शास्त्रानेच पाऱ्याच्या शोधनाचे कडक संस्कार सांगितले आहेत. औषधविषयक नियमांतही पारद, हिंगूळ, रसकापूर यांची नोंद विषारी द्रव्यांत असून, अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा लेबलवर लागतो. तेव्हा जाणत्या वैद्याने दिलेले, लेबल असलेले औषध वेगळे आणि जत्रेत पुडीत बांधून मिळणारे वेगळे. कोणतेही घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

माशांना घाबरायचे कारण नाही. बांगडा (आपला बंगुडे), तारली असे लहान मासे गर्भवतीलाही पौष्टिक. मुशी-मोरीसारखे मोठे शिकारी मासे मात्र गरोदरपणात आणि लहान मुलांना टाळलेले बरे.

पुन्हा पीथमपूर

जगाने यातून काहीच घेतले नाही, असे नाही. मिनामाताच्या नावाने पाऱ्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१७ मध्ये लागू झाला आणि भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. पण करार कागदावर असतो आणि माणूस गावात. पीथमपूरसारख्या ठिकाणी लोकांना खरी गरज असते ती आजच्या नोंदीची. विहिरीच्या पाण्याचा आजचा आकडा, भट्टीजवळ राहणाऱ्यांच्या लघवीचा आजचा आकडा लिहून ठेवला असेल, तर पाच वर्षांनी वाढ झाली की नाही हे भांडून नव्हे, तपासून सांगता येईल. तो आकडा लोकांना कळेल अशा भाषेत गावाच्या फळ्यावर लावला, तर अफवाही कमी होतील आणि मिनामातासारखी बारा वर्षेही वाया जाणार नाहीत. धारच्या त्या गोष्टीतल्या राजाला लक्षणे पाहायची होती आणि वेळेवर पुडी टाकायची होती. त्याने शेवटची पुडी हातातच धरून ठेवली. आज जबाबदारीच्या जागी बसलेल्यांनी तसे करू नये, एवढीच अपेक्षा.

आपल्या हाती असलेले काम त्याहून लहान आहे. घरात कुणाचा हात थरथरू लागला, स्वभाव बदलला, लघवीला फेस येऊ लागला, तर डॉक्टरांकडे जाताना लक्षणांबरोबर तीन गोष्टी सांगा : आम्ही काम काय करतो, अंगाला काय लावतो, पोटात काय घेतो. डबी, पुडी, बाटली सोबत न्या. आजी 'कै नडुगुत्तदे' म्हणत असेल आणि डॉक्टर मराठी असतील, तर नातवाने ते नीट समजावून सांगावे. डॉक्टरांनी स्वतःहून विचारले नाही, तरी सांगावे.